साखळीवरची साय

भाऊजी, छिद्रं चिखलाच्या बाजूला होती की आभाळाच्या, एवढं विचारलंत आणि उत्तराला थांबला नाहीत. तुमची सवयच ती. जेवता जेवता प्रश्न टाकायचा, हात धुवायला उठायचं, आणि मागे तुमचे दादा आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं. या वेळी उठलात ते परत न येण्यासाठी. उत्तर मात्र माझ्याकडे आलं आहे. हाती घेतलेलं काम मी अर्धं टाकत नाही, असं तुम्हीच लोकांना सांगत होतात. कौतुकानं नव्हे, मला चिडवायला. तेव्हा ऐका.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, हे लिहिणारे लिहितील. मी तुमची वहिनी. माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही शाळेत जात होता, आणि माझ्या रुखवताच्या पितळी डब्यात पहिल्याच आठवड्यात बेडकाची अंडी आणून ठेवली होतीत. डबा मी दोनदा चिंचेनं घासला, तरी तुमचे दादा त्यातला लाडू खाईनात. तिथून आपलं भांडण सुरू झालं. विषय बदलत गेले, भांडण एकच राहिलं: तुम्ही म्हणायचा, राहू द्या, काय होतं ते बघू; मी म्हणायची, आधी घासा, मग बघा.

मोठेपणी तुम्हाला काम मिळालं तेही असं, की घासावं की राहू द्यावं हाच रोजचा प्रश्न. दादा सागाच्या वखारीचे कारभारी, आणि त्याच वखारीचे दोर, कप्प्या, साखळ्या तुमच्या ताब्यात. दिवाळी झाली की आपलं बिऱ्हाड जव्हारहून खाली उतरायचं, मनोरच्याही खाली, वैतरणेचं पाणी जिथं खारट होतं तिथं. डोंगरातून तोडलेला साग बांबूंच्या आधारानं तरंगत यायचा आणि खाडीत त्याचे तराफे बांधून ठेवायचे, उधाणाच्या भरतीला पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, येऊन घेऊन जाईपर्यंत. ते सगळे तराफे धरून ठेवायची एक साखळी. तिचं एक टोक काठावरच्या खुंटाला, दुसरं चिखलात रुतलेल्या मोठ्या शिळेला. काठ आणि तराफा यांच्या मधल्या छातीभर पाण्यात माणसं उभी राहून ओंडके सोडवायची. मोखाड्याकडची माणसं, नाचणी झोडपून झाली की बायकामुलांसकट खाली येणारी. ती साखळी ओहोटीच्या ओढीत तुटली तर तराफा कुठे जाईल आणि मध्ये उभ्या माणसांचं काय होईल, हे सांगायला शिकलेलं माणूस लागत नव्हतं. पहिल्या वर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ते बघितलं आणि साखळीकडे लक्ष ठेवा असं तुम्हाला बजावलं. तुम्ही लक्ष ठेवलंत. तुमच्या पद्धतीनं.

खाऱ्या पाण्यात काहीही बुडवा, लाकूड, लोखंड, माझा हरवलेला झारा, थोड्याच दिवसांत त्यावर एक बुळबुळीत थर येतो. आधी दिसत नाही, फक्त बोटाला लागतो. मग जाड होतो, त्यावर शेवाळ धरतं, बारीक शिंपा येऊन चिकटतात. माणसं ओहोटीला साखळी खरवडून काढायची आणि पुढच्या भरतीनंतर थर परत हजर. तुम्ही त्याला साय म्हणायला लागलात. पाण्यावर दूध नाही आणि साय कुठून, असं मी म्हटलं, तर म्हणालात, "तेच तर शोधायचंय, वहिनी."

मग त्या पट्ट्या. लोहाराकडून एकाच लोखंडाच्या दोन सारख्या पट्ट्या कापून आणल्यात, दोरीला बांधून खाडीत सोडल्यात. एक दर ओहोटीला घासायची, दुसरीला हात लावायचा नाही. घासायला माझ्याच नारळाच्या शेंड्या गेल्या. होळीनंतर दोन्ही वर काढल्या तेव्हा सगळी वखार बघायला जमली होती. घासलेली पट्टी तांबडी होऊन चांगलीच झिजली होती, कडा सुरीसारख्या. न घासलेली थराखाली होती तशी जाडजूड. तुम्ही ती माझ्यापुढे धरलीत आणि काही बोललाच नाहीत. तेच जास्त झोंबलं. रात्रीच्या जेवणात मात्र मोकळे सुटलात. घासणाऱ्यांनी जगाचं किती लोखंड खाल्लं असेल, माझी कढई दर वर्षी पातळ का होते, दादांनी माझ्यापासून जपून कसं राहावं. दादा हसून हसून ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसले, पण मनात म्हटलं, भांड्याला जे चिकटून राहतं ते भांड्याचं भलं करायला राहत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माणसांना बोलावून सांगितलंत की आता साखळी खरवडायची नाही. कारण समजावताना शब्द अडला. साय म्हटलं तर ते हसले असते. मग तुम्ही म्हणालात, "मुरू द्या तिला."

तो शब्द त्यांना लगेच पटला. पटणारच. डोंगरात घराचा बांबू कापला की वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून मुरवतात. त्यावर बुळबुळ आली की समजायचं, आतला गोडवा निघून चालला, आता कीड लागणार नाही. तुम्ही शाळेत होतात तेव्हा दाभोशाकडे ओढ्याच्या काठी आपणही ते बघितलं आहे. तिथं बुळबुळ म्हणजे शुभ. देवजीनं, त्या माणसांच्या पुढाऱ्यानं, मान हलवली आणि सगळ्यांना सांगितलं की भाऊंनी साखळी मुरत घातली आहे. गोड्या पाण्यातला बांबू आणि खाऱ्या पाण्यातलं लोखंड, एका शब्दानं जोडले गेले. जव्हारच्या माणसानं सांगितलं, मोखाड्याच्या माणसांनी ऐकलं. खाडीकाठचा कोणी असता तर असं बोललाच नसता, कारण त्याच्याकडे मुरवायचा शब्द लोणच्यापुरता.

पावसाळ्यात आपण वर आलो तेव्हा तुम्ही ती न घासलेली पट्टी बरोबर आणलीत, आणि खाडीचं पाणी आणि साय भरलेली एक बरणी. बरणी माझी. संस्थानच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना गळ घालून सूक्ष्मदर्शक मिळवलात आणि ओसरीवर, जिथं उजेड बरा असायचा, तिथं मांडलात. मला पोळ्या टाकून यायला लावलंत. एक डोळा मिटायला मला जमत नव्हतं, तुम्ही माझ्या डोळ्यावर पदर धरायला सांगितलंत. आधी नुसता धूर दिसला. मग एकदम दिसलं. बारीक दांड्या, मण्यांच्या माळा, आणि कोणीतरी स्वल्पविराम सांडून ठेवल्यासारखे वाकडे तुकडे, तेही हलणारे. सगळे एका चिकट, ढगासारख्या कशात तरी बसलेले. तुम्ही म्हणालात, हे सगळे जंतू. मी विचारलं, हा ढग कोणाचा. तुम्ही म्हणालात, त्यांचाच असावा, आधी येऊन हे आपलं घर सारवून घेतात आणि मग राहतात. पोळी करपल्याचा वास आला तरी मी उठले नाही. ते तुम्ही पुढे कितीतरी जणांना सांगितलंत. सांगू द्यायचीच गोष्ट होती ती. आजवर इतकी भांडी घासली, त्यांच्यावरून मी किती गावं उठवली असतील, हा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

पण राहतात तर खातात काय, हे मी विचारलं. तुम्ही म्हणालात, पाण्यात येतं ते. मी म्हटलं, आणि लोखंड? तुम्ही म्हणालात, लोखंड कोण खाणार. तुमच्या मते साय म्हणजे पांघरूण. पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचू न देणारं. पट्टी साक्षीला होतीच, कोनाड्यात ठेवलेली, बक्षीस मिळाल्यासारखी.

ती पट्टी मी धुतली. श्रावणात घर लिंपायला काढलं, कोनाडा रिकामा केला, आणि वाळलेली घाण लागलेलं लोखंड मी तसंच परत ठेवलं असतं तर ती मी नव्हे. पाणी लागताच वास आला. तो वास मला माहीत होता आणि क्षणभर आठवेना कुठला. मग आठवलं: वज्रेश्वरीच्या गरम झऱ्यांचा, गंधकाचा. कुंडात उतरले होते तेव्हा पायातली चांदीची जोडवी काळी पडली होती, आणि मग सुचलं की खाडीच्या चिखलात उतरले की तीच जोडवी तशीच काळी पडतात. मी दर वर्षी रांगोळीनं घासते आणि चिखलाला दोष देते. पट्टीवरचा वरचा थर हिरवट होता, त्याखाली काजळासारखा काळा लगदा निघाला. तो पुसला तेव्हा खाली लोखंडाला देवीच्या वणांसारखे खड्डे. खोल. काहींत दाभणाचं टोक आरपार गेलं. आणि सगळे एकाच बाजूला. दुसरी बाजू, ती आरपार छिद्रं सोडली तर, गुळगुळीत.

तुम्ही बघितलंत आणि म्हणालात की लोखंडच हिणकस असेल. मी म्हटलं, हिणकस असतं तर दोन्ही बाजूंना असतं. तुम्ही म्हणालात, एवढ्याशा पट्टीवरून काही ठरत नाही, या वर्षी पुन्हा करू. आणि वर हेही म्हणालात की ज्यांनी पुरावा धुऊन टाकला त्यांनी वाद घालू नये. मी उलट म्हटलं, पुराव्याच्या कुठल्या बाजूला काय होतं याची खूण करून ठेवणं शोधणाऱ्याचं काम, घासणाऱ्याचं नव्हे. दादांनी दोघांनाही गप्प केलं. तिथं आपलं शेवटचं खरं भांडण थांबलं. संपलं नाही, थांबलं.

दिवाळीनंतर खाली उतरलो. तुम्ही नव्या पट्ट्या सोडल्यात, यंदा खुणा करून. साखळी पाण्यातच होती, अख्खा पावसाळा मुरलेली, वरून बघायला दणकट, शिंपांनी मढलेली. तिला हात लावायच्या आधी पट्ट्यांचा निकाल बघू, असं तुम्ही ठरवलं असावं. मी विचारलं नाही. माघात तुम्हाला हिवताप भरला. इथं औषध नाही म्हणून गाडीत गवत घालून जव्हारला नेलं. घाटात तुम्ही बरळत होता आणि त्यातही मधूनच शुद्धीवर येऊन बैलांच्या खुरांना नाल कशाचा आहे ते विचारलंत. गाडीवान रडत हसला.

शेवटच्या दिवशी ताप उतरल्यासारखा वाटला. मी पेज भरवत होते. तुम्ही माझा हात बाजूला केलात.

"वहिनी, ती पट्टी. ओहोटीला चिखलावर आडवी पडायची. छिद्रं चिखलाच्या बाजूला होती की आभाळाच्या?"

मी म्हटलं, मला कसं कळणार, तुम्ही खूण नव्हती केली. तुम्ही थोडं हसलात. "साखळीला कळेल," म्हणालात, आणि डोळे मिटलेत. पेज निवून गेली.

तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाच कळलं: साखळी वर काढून तिच्या चिखलातल्या कड्या बघा. ते नीट बोलून घ्यायला हवं होतं. तुम्ही घाबरला होता का, की नेहमीसारखं फक्त कुतूहल होतं? तुमच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येत नसत.

तेरावा झाला आणि दादा म्हणाले, होळीचं उधाण आलं, पडाव येतील, मला जावं लागेल. मी म्हटलं, मीही येते. नातेवाईक बायकांना ते रुचलं नाही. सुतकातून उठून चिखलात, असं कोणीतरी म्हणालं. मी ट्रंक भरली.

खाली आल्यावर मी आधी दादांशी बोलले. त्यांना साखळी उपसायची नव्हती. उधाण तोंडावर, वखारीचे शेठ खोळंबा चालवून घेणार नाहीत, शिवाय साखळी दिसते तर ठणठणीत. पण मी पट्टीचे खड्डे सांगितले आणि ते ऐकत गेले, आणि शेवटी म्हणाले की माणसं तयार असतील तर भांगाच्या दिवसात, पाण्याची ओढ कमी असताना, करून घे. अडचण माणसांचीच निघाली. भित्री म्हणून नव्हे. तुमच्यासाठी.

देवजीला मी खुंटापाशी बोलावलं. तो डोक्याचं फडकं हातात घेऊन उभा राहिला. मी सांगितलं की साखळी वर काढून बघायची आहे.

"भाऊंचा शब्द हाये, बाई. मुरू द्या म्हनाले. ते होते त त्यांनी मोडला असता. आता ते नाय. आमी कसा मोडू?"

भाऊजी, तुम्ही जिवंत होतात तोवर चुकू शकत होतात. गेलात आणि तुमचं चुकणं बंद झालं. तुमच्या प्रेमापोटी ती माणसं त्या साखळीच्या भरवशावर पाण्यात उतरणार होती. त्यांच्यासमोर तुमचा शब्द खोटा होता असं म्हणायचं, तेही तुमच्या वहिनीनं, तेराव्यानंतर. देवजीची सून जवळच बसून जाळं सोडवत होती, पोट दिसायला लागलेली. तिचा नवरा उधाणाला पहिला पाण्यात उतरणारा. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

मग मी देवजीला वेगळंच विचारलं. म्हटलं, "बांबू मुरत घातलास की तू थेट घर बांधायलाच जातोस? मध्ये काढून बघत नाहीस?"

"बघतो ना. उलटा करतो. वास घेतो. वास बिघडला त बांबू गेला."

"मग याचाही वास घे. भाऊंनी मुरत घातलं आहे. बघू नका असं नव्हतं सांगितलं."

त्यानं पाण्याकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं. मग फडकं डोक्याला बांधलं.

भांगाच्या सकाळी पाणी उतरल्यावर त्यांनी तराफे तात्पुरते जाड काथ्याच्या दोरांनी झाडांना बांधले आणि साखळी काढायला घेतली. पाण्यातला भाग आधी आला. शिंपा फोडून, साय पुसून देवजीनं हातोडी मारली. खणखणीत आवाज. पुढची कडी, तसाच. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि खोटं का बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, जिंकलात. जिंका. पांघरूणच आहे ते.

मग चिखलातला भाग वर आला. तिथं वरचा हिरवा थर नव्हता, सगळं काळं होतं, आणि वास सुटला. सगळ्यांनी नाकाला फडकी लावली. देवजीनं लावलं नाही. तो वाकला, वास घेतला, आणि हातोडी मारली. आवाज आलाच नाही. हातोडी ओल्या मातीवर पडल्यासारखी पडली आणि कडी दोन तुकडे होऊन त्याच्या पायाशी. पुढची कडी त्यानं हातानंच वाकवली.

देवजीच्या मुलानं पाण्यात उतरायची ती जागा एकदा बघितली आणि काठावर बसला. मग मागून कुणीतरी पुटपुटलं, "भाऊंनी मुरवलं खरं. पन लोनच्यावानी." कोणीतरी हसलं, आणि हसता हसता देवजीची सून रडायला लागली, आणि मग मीही. तुमच्यावर हसून रडले. तुम्हाला चाललं असतं.

तर उत्तर: चिखलाच्या बाजूला. पाण्यात, जिथं भरती येते जाते, तिथं तुमची साय लोखंडाला सांभाळून होती. चिखलात, जिथं हवा पोचत नाही, तिथं तीच, किंवा तिच्यासारखी दुसरी कोणी, गंधकाचा वास सोडत लोखंड खात होती. का, ते मला माहीत नाही. हवा नसली की त्यांना दुसरं काही खावं लागत असेल का? तुम्ही अर्धे बरोबर होतात, मी अर्धी बरोबर होते, आणि हे मान्य करायला आपल्या दोघांपैकी एकच उरलं आहे, हे बरोबर झालं नाही. डॉक्टर म्हणतात, यावर कुठंतरी परदेशात कोणी लिहीत असेल. असेल. मला ते तुमच्या तोंडून, चुकीचं का होईना, ऐकायचं होतं.

दादांनी नवी साखळी मागवली. शिळेला आता दगडांच्या ढिगावर, चिखलाच्या वर उचलून ठेवलं आहे, आणि देवजीनं स्वतःहून ठरवलं आहे की दर भांगाला साखळी काढायची, उलटी करायची, वास घ्यायचा. माणसांना तो सांगतो की भाऊंनी असंच सांगितलं होतं. मी ते खोडून काढलं नाही. होळीचे पडाव भरून गेले. देवजीचा मुलगा पहिला उतरला आणि सगळ्यांच्या शेवटी वर आला, थंडीनं काकडत, शिव्या देत.

पडाव गेल्यावर जुनी साखळी काठावर वाळत पडली होती. माणसं तिच्यात अडकलेलं काय काय काढत होती: दोर, जाळ्याचे तुकडे, आणि वरच्या, पाण्यातल्या कड्यांत गुंतलेला एक तांब्याचा तांब्या. कोणाचा, कधी पडलेला, कोणालाच ठाऊक नाही. देवजीनं तो उचलून उन्हात फिरवून बघितला. हिरवा पडला होता, पण त्यावर साय नव्हती, शिंपा नव्हत्या, बोटाला बुळबुळ नव्हती. त्याच साखळीच्या कुशीत, त्याच पाण्यात, आणि स्वच्छ.

"ह्याला काय नाय लागला," देवजी म्हणाला. "का वो, बाई?"

मी म्हटलं, "थांब, भाऊजींना विचारते."

बोलून गेले आणि मग कळलं. देवजीनं तो तांब्या माझ्या हातात दिला.

"विचारा," म्हणाला.

म्हणून विचारते, भाऊजी. तांब्याला का नाही?